वैयक्तिक परिचय असल्याने

"मॅडम, तशाच थांबा. हात अजिबात हलवू नका."

आवाज मागून आला. अपेक्षा थांबली, कारण त्या आवाजात घाई होती पण आगाऊपणा नव्हता. रविवारची दुपार होती, भुशीच्या रस्त्यावर माणसांना चालायला जागा नव्हती, आणि पाऊस गेले तीन आठवडे जसा पडत होता तसाच पडत होता.

अपेक्षा लोणावळ्याच्या नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक होती. वय सत्तावीस, नोकरी दोन वर्षांची. त्या दिवशी तिला भजी आणि मक्याच्या गाड्या तपासायला पाठवलं होतं. पण वाटेत एका निळ्या ताडपत्रीखाली तिला एक माणूस दिसला. तो मोटारसायकलच्या बॅटरीवर मशीन चालवून पोरापोरींच्या मनगटांवर नावं गोंदत होता. सुई एक, फडकं एक, आणि मनगटं रांगेने. तिने ओळखपत्र काढेपर्यंत माणूस मशीन घेऊन गर्दीत दिसेनासा झाला. मागे राहिलं ते फडकं, बाटलीच्या झाकणात शाई, आणि ओल्या दगडावर पडलेली सुई. पुरावा म्हणून तिने ती उचलली होती. उघड्या हाताने.

मागचा माणूस आता पुढे आला. तिशीचा असेल. त्याने आपल्या हातातली पाण्याची बाटली रिकामी केली आणि तोंड तिच्या चिमटीखाली धरलं.

"सोडा आत. हळू."

"तुमच्या बोटाला लागेल."

"म्हणून तर म्हणतोय, हळू."

सुई बाटलीत पडली. त्याने झाकण घट्ट लावलं, खिशातून मार्कर काढला आणि बाटलीवर लिहिलं – वापरलेली सुई. मग तिचा हात न धरता, नुसता वाकून, तिच्या बोटांकडे नीट पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं आणि ते पुसायला त्याला सुचत नव्हतं.

"टोचली नाही. नशीब."

"तुम्ही हॉस्पिटलात असता का?"

"नाही हो. जो पळाला ना… त्याचाच धंदा करतो. फक्त छपराखाली करतो." त्याने कार्ड दिलं. विक्की टॅटू अँड परमनंट मेकअप, भांगरवाडी.

अपेक्षाने कार्ड वाचलं. "बुधवारी येते."

"गोंदायला?"

"तपासायला."

"चालेल की," तो म्हणाला. "पण तपासायला येणाऱ्यांची आमच्याकडे सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या."

"सांभाळून घेत नसतात. लिहून घेतात."

तो हसला. ती हसली नाही – पण भजीच्या पुढच्या गाडीपाशी तिने तेलाचा रंग दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा पाहिलेला तिच्या लक्षात राहिला नाही.

बुधवारी ती गेली. दुकान सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, पांढऱ्या फरशा, नळापाशी कोपराने उघडायची तोटी. टॅटूसाठी असा वेगळा कायदा तिला कुठे सापडला नव्हता. कचऱ्याचे नियम होते, दुकानांचे होते, दवाखान्यांचे होते. त्यांतून वेचून तिने स्वतःच तेवीस प्रश्नांची यादी केली होती आणि साहेबांकडून ती मंजूर करून घेतली होती.

"मालकाचं नाव?"

"गोरख."

"बोर्डावर विक्की आहे."

"गोरखकडे कोण टॅटू काढायला येईल, मॅडम? गोरखकडे लोक म्हशीचं औषध मागायला येतील."

तिने 'गोरख' लिहिलं. मग एकेक प्रश्न विचारत गेली. सुया प्रत्येकाला नव्या? हो, आणि पाकिटावरचा बॅच नंबराचा स्टिकर गिऱ्हाइकाच्या नावासमोर रजिस्टरमध्ये चिकटवलेला. शाई? छोट्या टोपणात घ्यायची, उरलेली फेकायची. वापरलेल्या सुया? भिंतीला लावलेला पांढरा, न फुटणारा डबा, आणि तो नेणाऱ्या संस्थेच्या पावत्या. अठराखालचे? परत पाठवतो. प्यायलेले?

"रविवारी तेच जास्त असतात. त्यांना सांगतो, सोमवारी या. सोमवारी कुणी येत नाही."

आतल्या खोलीतून त्याची थोरली बहीण रुपाली डोकावली. भुवया आणि ओठांचं परमनंट मेकअपचं काम ती बघायची. नवरा गेल्यापासून ती भावासोबत राहत होती, आणि हातात कला होती म्हणून दोन वर्षांत तिचं नाव कार्ल्यापर्यंत गेलं होतं. "बसा ना मॅडम," ती म्हणाली आणि लगेच आत गेली.

एकोणिसाव्या प्रश्नाला गोरख अडकला. वाफेचं यंत्र होतं, रोज चालत होतं. पण त्यात जंतू खरोखर मरतात की नाही, हे दाखवणारी चाचणीपट्टी त्याने कधी वापरली नव्हती.

"यंत्र गरम होतं की," तो म्हणाला.

"गरम होणं म्हणजे काम होणं नव्हे."

"हे तुम्ही यंत्राबद्दल बोलताय ना?"

अपेक्षाने मान वर केली. तो अगदी गंभीर चेहरा करून उभा होता. तिने शेरा लिहिला – पंधरा दिवसांत पूर्तता करावी – आणि जिना उतरताना मात्र तिला हसू आवरलं नाही. सायकलवाल्याने ते पाहिलं.

पंधरा दिवस थांबायचं होतं. ती नवव्या दिवशी गेली. पट्ट्या आलेल्या होत्या. मग हातमोज्यांच्या साठ्यासाठी एकदा, मग कचऱ्याच्या पिशव्यांच्या रंगासाठी एकदा. ऑगस्टच्या अखेरीस तिच्या लक्षात आलं, की शहरातल्या इतर चार दुकानांत ती एकेकदाच गेली होती आणि इथे पाच वेळा. तिने तारखा पुन्हा मोजल्या. पाचच.

पाचव्या भेटीत बाहेर धुकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं. रजिस्टर चाळताना तिने विचारलं, "एवढी काळजी तुम्हाला कुणी शिकवली? बाकीचे मला बघून हातमोजे शोधतात."

तो खिडकीपाशी होता. "माझी आजी गोंदायची. भामाबाई. वडगावचा, तळेगावचा बाजार, जत्रा. तीन सुया दोऱ्याने बांधलेल्या, काजळी, आणि पाल्याचा रस. त्याच सुया सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुणाच्या हनुवटीवर ठिपका, कुणाच्या हातावर तुळस…" त्याने खिडकीची काच पुसली. "बायकांना काय झालं, कुणी विचारलं नाही. तिला स्वतःला कावीळ झाली. मग पोटात पाणी. डॉक्टरांनी विचारलं, बोटाला सुया टोचायच्या का? ती म्हणाली, दिवसातून दहा वेळा टोचायच्या, त्यात काय?"

"कधी गेल्या?"

"मी बारावीला होतो. तिला वाईट वाटायचं ते मरणाचं नव्हतं. ती म्हणायची, माझ्या सुईनं अजून कुणाला झालं असंल का रं? मी म्हणायचो, नाही. मला काय माहीत होतं?"

अपेक्षाला काही बोलावंसं वाटलं. जे सुचलं ते सरकारी होतं. तिने रजिस्टर मिटून त्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी ते गरजेपेक्षा जरा जास्त वेळ दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं.

"पुढची तपासणी कधी?" त्याने विचारलं.

"कारण असेल तेव्हा."

"कारण देऊ का एखादं? एक हातमोजा फाडून ठेवतो."

"गोरख!" ती म्हणाली. पहिल्यांदाच, 'श्री' न लावता.

कारण आठच दिवसांत आलं, आणि ते कुणी गमतीने दिलेलं नव्हतं.

कार्ल्याच्या पायल नावाच्या मुलीच्या आईने लेखी तक्रार दिली होती. मुलगी बावीस वर्षांची, लग्न ठरलेलं. विक्कीच्या दुकानात रुपालीकडून भुवया करून घेतल्या, चौथ्या दिवशी दोन्ही भुवयांत पू झाला, डावा डोळा मिटला, ताप चढला. मुलगी तळेगावच्या दवाखान्यात दाखल होती.

अपेक्षा आधी तळेगावला गेली. पायलचा अर्धा चेहरा पट्टीत होता. तिने उरलेल्या एका डोळ्याने अपेक्षाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, डाग राहील का हो?" याचं उत्तर अपेक्षाच्या यादीत नव्हतं. पायलला बोलताना त्रास होत होता. बाकीचं आईच सांगत होती, आणि भुवया केल्या त्या दिवशी आई सोबत नव्हती.

मग ती भांगरवाडीला आली. रजिस्टरमध्ये त्या तारखेला पायलचं नाव नव्हतं. रुपाली दाराला धरून उभी होती.

"ती दुकानात आलीच नव्हती, मॅडम. शपथ."

गोरखने बहिणीकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे.

ऑफिसात येऊन अपेक्षाने अहवाल लिहायला घेतला. रजिस्टरमध्ये नोंद नाही. साठ्यातल्या सुया आणि स्टिकर जुळतात. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. एवढं लिहिलं आणि तिला एकदम हलकं वाटलं – सुट्टी लागल्यासारखं. आणि त्या हलकेपणानेच ती दचकली. दवाखान्यात एक मुलगी पडलेली आहे आणि आपल्याला बरं वाटतंय. कशामुळे, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिने कागदावर सही केली नाही. तो खणात टाकला आणि मळवली स्टेशनला उतरून भाजे गावी, घरी गेली. जेवताना आई, मुक्ताबाई, दोनदा म्हणाली, "ध्यान कुटं हाय तुजं?"

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताना गोरख दारात उभा होता. दाढी वाढलेली, हातात एक पाकीट.

"तक्रार खरी आहे," तो म्हणाला. "जागा चुकीची लिहिलीय, एवढंच. ताई पायलच्या घरी गेली होती. मला न सांगता."

अपेक्षाने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"भुवया कोरायची दोन ब्लेड घेऊन गेली होती. पायलची भावजय आणि पायल. भावजयीचं झालं, मग दुसरं ब्लेड हातातून खाली पडलं. घरात पाहुणे बसलेले, लाईट गेलेली. परत यायला तास लागला असता. तिने पहिलंच ब्लेड स्पिरिटने पुसलं आणि…" त्याने पाकीट दुसऱ्या हातात घेतलं. "काल तुम्ही गेल्यावर सांगितलं तिने. मी विचारल्यावर."

"तुम्ही गप्प बसला असता तर तक्रार निकाली निघाली असती. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण दोघींचं रक्त तपासायला नको का? कावीळ, एचआयव्ही… ते सांगितल्याशिवाय कोण तपासणार?" त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. आत रुपालीच्या हातचा जबाब होता, खाली सही. "एक विचारू? ताईचं नाव गाळता येईल?"

"नाही."

"बरं." त्याने मान हलवली. "मग माझंही लिहा. दुकान माझं आहे. शिकवलं मी. घरी जाऊन काम करायचं नाही, हे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं."

अपेक्षाने लिहून घेतलं. अक्षर एरवीसारखंच आलं, याचं तिला नंतर नवल वाटलं. त्याने सगळं आधी नीट वाचलं आणि मग सही केली. आणि हा माणूस आपल्याला आवडतो हे जे ती महिनाभर टाळत होती, ते तिने त्याच मिनिटाला, फार आरडाओरडा न करता, स्वतःशी कबूल केलं.

तो गेल्यावर तिने तीन कागद तयार केले. दवाखान्याला पत्र – दोघी स्त्रियांच्या रक्ताची तपासणी आत्ता आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. दुकानाला नोटीस – पुढील आदेशापर्यंत काम बंद. आणि तिसरा कागद घेऊन ती विभागप्रमुख राजेश्वरी मॅडमच्या टेबलापाशी गेली.

राजेश्वरी मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "सदर आस्थापनेच्या मालकाशी माझा वैयक्तिक परिचय असल्याने हे प्रकरण अन्य निरीक्षकांकडे सोपवावे, ही विनंती." त्यांनी चष्मा काढला. "परिचय म्हणजे?"

"लिहिलाय तेवढाच, मॅडम."

"त्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

राजेश्वरी मॅडम बावीस वर्षं त्या खुर्चीत होत्या. त्यांनी कागदावर शेरा मारला आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस. आता त्या जिन्यावर दिसू नकोस."

प्रकरण मारुतीराव नावाच्या जुन्या निरीक्षकांकडे गेलं. ते नोटीस बजावायला गेले तेव्हा गोरखने विचारलं, "त्या मॅडम का नाही आल्या?" मारुतीरावांना समजावून सांगायचा कंटाळा, त्यांनी फाईलच उघडून पुढे धरली. गोरखने तो कागद वाचला. पुन्हा वाचला. मारुतीराव म्हणाले, "वाचता येत नाही का?" तो म्हणाला, "येतं. म्हणूनच."

संध्याकाळी तो लोणावळा स्टेशनवर पुण्याच्या गाडीपाशी आला. पाऊस उघडला होता, फलाट ओला होता. तो दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

"मॅडम, मी कागद वाचला."

"वाचायला नको होता."

"तुम्ही लिहायला नको होता मग." त्याने हळूच विचारलं, "वैयक्तिक… ना?"

"मराठीत त्याचा एकच अर्थ होतो," अपेक्षा म्हणाली. तिचे कान तापले होते, पण मान ताठ होती. "आणि म्हणूनच आता ऐक. फाईल बंद होईपर्यंत भेट नाही, फोन नाही. त्या दोघींचे रिपोर्ट येईपर्यंत नाही."

"तीन महिने?"

"तीन महिने."

"आणि रिपोर्ट वाईट आले तर?"

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. 'ऐक' म्हणाली होती ती, 'ऐका' नव्हे. हे मळवली येता येता तिच्या ध्यानात आलं. त्याच्या मात्र तिथेच आलं असावं, कारण गाडी हलल्यावरही तो तसाच उभा होता.

ते तीन महिने कुणी सोपे म्हणू नयेत. गोरखने दुकान बंद ठेवलं आणि तळेगावच्या एका कारखान्यात रंगकाम धरलं. रुपाली पायलच्या घरी गेली. आईने पहिल्यांदा दार लावून घेतलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पायलनेच उघडलं. रुपालीने हात जोडले तेव्हा पायल म्हणाली, "माफ केलं असं नाही म्हणणार मी. पण खरं सांगितलंत, म्हणून आमची तपासणी झाली." त्यानंतर रुपाली पुण्याला जाऊन निर्जंतुकीकरणाचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आली. पायलचं लग्न पुढे ढकललं होतं, मोडलं नव्हतं. डाव्या भुवईच्या टोकाला केस पुन्हा उगवले नाहीत. ते तसंच राहिलं.

अपेक्षाने या काळात एकदाही त्या फाईलला हात लावला नाही. मारुतीराव जेवायला गेले की फाईल त्यांच्या टेबलावर उघडी असायची. ती त्या बाजूने जायचीच नाही. पाणी प्यायला लांबच्या माठाकडे जायची.

डिसेंबर लागला. भाज्याला भात केव्हाच कापून झाला होता, झोडणी चालली होती. रविवारी अपेक्षाही खळ्यावर होती, केसांत भुसा, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. वडील, दत्तोबा, पलीकडे पेंढ्या आपटत होते. बांधावरून एक माणूस येताना दिसला. शहरी बूट, चालायची सवय नाही, दोनदा घसरला. तिने ओळखलं आणि हातातली पेंढी तशीच राहिली.

गोरख खळ्याच्या कडेला थांबला. श्वास लागला होता.

"काल आले," तो म्हणाला. "दोघींचे. दोघींनाही काही नाही. काहीच नाही. मारुतीरावांनी काल फाईल बंद केली, दुकान उघडायचा कागद दिला. मी… फोन करणार होतो. मग म्हटलं, फोनवर कशाला सांगायचं."

अपेक्षा पेंढीवरच बसली. तीन महिने तिला एकदाही रडू आलं नव्हतं. आता आलं, आणि ओढणीने डोळे पुसताना भुसा डोळ्यांत गेला.

"चोळू नकोस," तो एकदम पुढे झाला. "हात मळलेत तुझे. थांब…" त्याने सोबतच्या बाटलीतलं पाणी आपल्या हातांवर घेतलं, हात धुतले, रुमाल भिजवला आणि तिच्यापुढे धरला. स्वतः हात लावला नाही. तिने रुमाल घेतला, आणि मग त्याचा हातही घेतला.

"गोरख, मला तू आवडतोस," ती म्हणाली. "सप्टेंबरपासून सांगायचं होतं."

"मला जुलैपासून," तो म्हणाला.

पलीकडे दत्तोबांचं आपटणं थांबलं होतं. त्यांनी कपाळावर हात धरून या बाजूला पाहिलं.

"कोन हाय गं त्ये?"

अपेक्षा उठून उभी राहिली. हात तिने सोडला नाही. घरात हे काही सहज होणार नव्हतं. दोन घरं वेगळी, दोन समाज वेगळे, आईचे प्रश्न, चुलत्यांचे प्रश्न. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. पण विचारलं होतं वडिलांनी, आणि तिला त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"मला ज्याच्याशी लग्न करायचंय, तो आहे, आबा!"

मुक्ताबाई सूप हातात धरून उभ्या राहिल्या. दत्तोबांनी हातातली पेंढी बाजूला ठेवली, गमछ्याने तोंड पुसलं, त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत, धुळीने माखलेल्या बुटांपर्यंत, सावकाश पाहून घेतलं.

"मंग त्याला उनात कशाला उबा केलाय?" ते म्हणाले. "सावलीला आन की."